कापलेली सासू

अकोल्याच्या टिनाच्या टॉकीजमध्ये माणसं हसून हसून बाकांवरून खाली यायची बाकी होती, आणि माझी बहीण पार्वताबाई पदराचं टोक मुठीत धरून सासू कधी येते याची वाट बघत होती. पडद्यावर लाकडाच्या बाहुल्या नाचत होत्या. लाकड्या नावाचा जावई सासुरवाडीला निघाला होता. तो गाढवावरून पडला, विहिरीत डोकावला, मेव्हण्याच्या पागोट्यात गुंतला. माझ्या पुढच्या बाईनं तर हसायच्या भरात तान्हं लेकरू शेजारणीच्या मांडीवर टाकून दिलं. लाकड्या सासुरवाडीच्या दारात पोचला तशी पार्वताबाई माझ्या कानाशी लागली.

"आता येईन ती."

दार उघडलं आणि सासरा बाहेर आला. मी म्हटलं, येईल मागून. पंगत बसली, भांडण झालं, लाकड्या बायकोला घेऊन घरी परतला आणि पडदा पांढरा झाला. सासू आलीच नाही. सासुरवाडीत सासूच नाही असा सिनेमा मी जन्मात पाहिला नव्हता. तसा जन्मात दुसरा कोणताच पाहिला नव्हता म्हणा.

ही सासू म्हणजे ढमाबाई नावाची बाहुली. तिचे दोरे ओढणारी आणि तिच्या तोंडून बोलणारी ती पार्वताबाईची लेक सत्यवती. सत्यवतीला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. सिनेमात तिचा आवाज भरून ठेवला आहे एवढंच आमच्या कानावर आलं होतं, आणि तेवढ्यासाठी आम्ही दोघी बार्शीटाकळीहून गाडीत बसून आलो होतो. तिचा बाप रामराव आला नाही. म्हणाला, मेलेल्या माणसाला बोलताना ऐकायचं माझ्यानं होणार नाही.

आम्ही दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या, म्हणजे बहिणीही आणि जावाही. मला मूल झालं नाही. सत्यवती आम्हा दोघींच्या हातावर वाढली, आणि पुढे अंजनगाव सुर्जीच्या वामनरावांच्या घरात दिली, त्यांच्या मुलाला, देवीदासाला. घर आमच्यासारखंच माळ्याचं. मळ्यात वांगी, मेथी, झेंडू. पण वामनरावांना बापजाद्यांपासून बाहुल्यांचं वेड. मळ्यातलं काम सरलं की बाहुल्या पेटीत भरायच्या आणि गावोगावच्या बाजारात खेळ लावायचा. सुनेला बाहुल्या नाचवायला लावतात म्हणून आमच्या गावात बायकांनी नाकं मुरडली. मी त्यांना म्हटलं, तुमच्या सुना तुम्हाला नाचवतात त्यापेक्षा हे बरं.

पार्वताबाईनं लेकीचा खेळ एकदाच पाहिला, चांदूर बाजारात. घरी आली ती बरेच दिवस गप्पच. मला वाटलं, लाज वाटली असेल. मग एकदा भाजी निवडताना म्हणाली, "मनकर्णा, ते ढमाबाई म्हंजे मीच होय." आणि खरंच तसं होतं. सत्यवतीनं आईचं सगळं बोलणं उचललं होतं, तो हेल, ते टोमणे, बोलता बोलता मध्येच थांबून सुस्कारा टाकणं. जावई दारात आला की ढमाबाई म्हणायची, "या बापू, टेका. पाय धुतले काय? नाई धुतले तं राहू द्या, आमी उंबरठा धुऊन घेऊ." बाजार लोटपोट व्हायचा. पार्वताबाईला त्याचा मनातून किती आनंद होता ते मला ठाऊक होतं.

मग एका शिमग्याआधी निरोप आला. ताप आला होता, तीन दिवसांत गेली. निरोप पोचेतो तिकडे तिसराही उरकला होता. आईला लेकीचं तोंड दिसलं नाही. त्याआधी दीड वर्ष ती माहेरीही आली नव्हती. पार्वताबाई रडली, उठली, मळ्यात गेली, सगळं केलं. पण पावसाळ्यात कधीतरी ती मला म्हणाली ते मी विसरणार नाही.

"तिचं तोंड दिसते मले. आवाजच नाई आठवत. आठवाले गेली तं माहाच आवाज आयकू येते."

लेक आपल्यासारखं बोलायची याचा असा सूड निघेल, असं कोणाला वाटलं असतं? त्या दिवसापासून तिनं एकच धरलं, सिनेमा येऊ दे, मला तिचा आवाज ऐकू दे, एकदा ऐकला की मी विसरणार नाही. आणि आता सिनेमा आला होता, आणि त्यात सगळं होतं, फक्त तीच नव्हती.

टॉकीजच्या दाराशी देवीदास उभा होता. सिनेमाची जाहिरात म्हणून तो काढणाऱ्या खुशालरावांनी त्याला खरा लाकड्या घेऊन तिथं उभं केलं होतं, आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना लाकड्याचा रामराम घालत होता. आम्हाला पाहताच त्याचा हात ढिला पडला आणि लाकड्या मटकन खाली बसला. पोरांना तेही काम वाटलं, ती हसली.

"जावईबापू," पार्वताबाई म्हणाली, "सत्यवती नाई दिसली."

देवीदासानं खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव अमरावतीचे. मुंबईला सिनेमाच्या कंपनीत काही वर्षं राहून आलेले, आणि वऱ्हाडातही सिनेमा निघू शकतो हे जगाला दाखवायला निघालेले. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेली माणसं किती नुकसान करतात ते त्यांच्याकडे पाहून कळायचं.

"बाई, तुमची लेक गेली तेव्हा ढमाबाईचं निम्मं काम उरलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, आवाज दुसऱ्या कोणा बाईचा घालू, बाहुली तर तीच आहे. अंजनगावला कॅमेरा घेऊन गेलो, तर बाहुलीच जागेवर नाही. वामनरावांनी ती नदीत सोडली म्हणे."

"आमच्या घरचा नियम हाये जी," देवीदास खाली बघत म्हणाला. "ज्याचा आवाज, त्याची बाहुली. मानूस गेलं की बाहुली त्याच्या राखेसंगं शहानूरच्या पान्यात सोडतो. दुसऱ्यानं हातात घेतली तं मेलेल्याले सुटका नाई."

हा नियम पोथीत नाही, पुराणात नाही. वामनरावांच्या आजानं घातलेला. सिनेमा अर्धा राहिला आहे, त्या बाहुलीवाचून पोरीनं केलेलं कामही फुकट जाईल, चार महिने थांबू, असं त्या घरात एकाच्याही मनात आलं नाही. नियम पाळण्यात इतके गर्क की कोणासाठी पाळतो तेच विसरले. आणि खुशालरावांनीही सरळ हिशेब केला, अर्धी सासू दाखवण्यापेक्षा सासू नकोच. गोष्ट फिरवली, सासऱ्याला पुढे केलं, आणि ढमाबाई जिथं जिथं होती तिथं तिथं कात्री चालवली. माझ्या भाचीला आधी जाळलं, मग बुडवलं, मग कापलं. मी हे तिथंच मोठ्यानं बोलले. खुशालरावांनी टोपी काढून हातात घेतली.

पार्वताबाईला माझ्या बोलण्यात गम्य नव्हतं.

"कापलेलं कुठी हाये?" तिनं विचारलं.

"ते नत्थुजी बांगडीवाल्याकडे गेलं, बाई. इथंच अकोल्यात. फिल्म धुतली की वरचं चित्र निघून जातं आणि खाली स्वच्छ पट्टी उरते. तिच्या तो बांगड्या करतो."

"धुतली असंन काय?"

"आता कसं सांगू? देऊन बरेच दिवस झाले."

"जाऊ द्या ना आई," देवीदास म्हणाला. "आता काय सापडनार हाये. उगी जिवाले तरास."

मलाही तेच वाटत होतं. "बाई, वरातीमागून घोडं आहे हे," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली. "घोडं तं घोडं."

रात्री आम्ही धर्मशाळेत पडलो. सकाळी खुशालराव स्वतः आम्हाला घेऊन गेले, त्यांना कुठंतरी टोचलं असावं. देवीदासही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. रस्ताभर तो आमच्यामागून चालला आणि दोन-तीनदा सासूला म्हणाला की गाडीची वेळ होईल. मला त्याचा राग आला. बायकोचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून ह्यानं आमच्यापुढे धावायला हवं होतं.

नत्थुजीच्या अंगणात मोठ्या कढईत सोड्याचं पाणी उकळत होतं. एक बाई काठीनं त्यात फिल्मच्या पट्ट्या ढवळत होती, आणि दुसरी चिंधीनं त्या पुसून दोरीवर वाळत घालत होती. वाळलेल्या पट्ट्या काचेसारख्या स्वच्छ होत्या, त्यांतून पलीकडची भिंत दिसत होती. कढईखालून काळपट पाण्याचा ओघळ नालीकडे गेला होता. पार्वताबाई त्या ओघळाशी थांबली.

"वरची चित्रं कुठी जातात?"

"नालीत, बाई," नत्थुजी म्हणाला. म्हातारा माणूस, साध्या मनानं सांगितलं त्यानं.

तिनं पाय उचलून ओघळाच्या पलीकडे ठेवला, त्याला लागू दिला नाही.

खुशालरावांनी काय हवं ते समजावून सांगितलं. नत्थुजी मान हलवत राहिला. या माणसाकडून आलेलं सगळं दिवाळीतच धुऊन झालं, त्याच्या बांगड्याही विकल्या गेल्या, कुठल्या कुठल्या बाजारात. मग त्याची बायको आतून म्हणाली की एक डबा राहिला आहे, झाकण गंजून बसलं म्हणून उघडलाच नाही. तो डबा आणला. नत्थुजीनं हातोडीनं कडेकडेनं ठोकून झाकण काढलं. आत एकच लहानसं गुंडाळं होतं. खुशालरावांनी त्याचं टोक उन्हात धरून डोळे बारीक केले.

"ढमाबाई आहे," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा सूर उतरला. "पण बाई, हा बिघडलेला भाग आहे. म्हणून छापलाच नव्हता, ही नुसती निगेटिव्ह. काळं पांढरं दिसेल आणि पांढरं काळं."

"बिघडलेला चालते मले. आवाज हाये काय?"

"आवाज आहे. आवाज कडेच्या पट्टीत असतो, तो उलटा होत नाही."

"हे नका पाहू आई," देवीदास एकदम म्हणाला. त्यानं डब्याकडे हातसुद्धा नेला. "त्यात काई काम नाई तिचं. बिघडलेलंच हाये ना. मी सांगतो तुमाले, ती कशी बोले ते, मी म्हनून दाखवतो."

"तुमी कावून म्हनून दाखवता? ती हाये ना त्यात."

नत्थुजीनं डबा पार्वताबाईच्या हातात दिला. लेकीचं आहे म्हणता तर न्या, म्हणाला. तिनं तो पदराखाली धरला आणि टॉकीजपर्यंत कोणाच्या हातात दिला नाही, खुशालरावांच्याही नाही.

टॉकीज दिवसा रिकामी असते. यंत्र चालवणारा चंद्रभान तेल घालत बसला होता. त्यानं दारं लावून घेतली, फटींना पोती लावली. पत्रे तापलेले, आत श्वास कोंडत होता. एवढ्या बाकांमध्ये आम्ही चौघंच. पार्वताबाई पहिल्या बाकावर बसली, तिच्या एका बाजूला मी. देवीदास दाराशी उभा राहिला. मी त्याला म्हटलं, "बसा की जावईबापू." तो म्हणाला, "राहू द्या."

यंत्र घरघरलं. पडद्यावर ढमाबाई आली, पण कशी. फिकं लुगडं काळं झालेलं, काळे केस पांढरे फक्क, डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भोकं. पार्वताबाईचं तिकडे लक्षच नव्हतं. तिनं मान थोडी कलती केली होती, दूरच्या माणसाची हाक ऐकताना करतात तशी.

"या बापू, टेका," ढमाबाई म्हणाली. "पाय धुतले काय?"

सत्यवतीच होती. बोलण्याची ढब आईची, पण आवाज तिचाच, लहानपणापासून जरासा बसका. एवढ्या महिन्यांत मीही तो विसरले होते हे मला तेव्हा कळलं. पार्वताबाईनं माझं मनगट पकडलं, आणि त्या अंधारात ती हसली. लेक गेल्यापासून पहिल्यांदा.

"नाई धुतले तं राहू द्या, आमी उंब..."

आणि ती खोकली. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. कोरडा, खोल, पोटातून ओढून काढलेला खोकला. बाहुलीचे दोरे तिच्याच हातात, त्यामुळे प्रत्येक उबळीला ढमाबाई गदागदा हलायची. हात वर उडायचे, मान छातीवर पडायची, पोट हिसके द्यायचं. कालची माणसं असती तर हसून बाकांवरून खाली आली असती.

"थांबवा, थांबवा," फिल्ममध्येच खुशालरावांचा आवाज आला.

मग वामनरावांचा. मळ्यात गड्याला हाक मारावी तसा मोकळा.

"कावून थांबवता जी? रोजचंच हाये थे. दम घेईन अन् बोलंन."

ढमाबाई दोऱ्यांना लोंबकळत राहिली. तिची मान वर होईना. कुणीतरी पाणी आणलं असावं, भांडं वाजलं. आणि मग सत्यवती बोलली. ढमाबाईचं सोंग नव्हतं त्यात, आईचा हेल नव्हता. धापा टाकत, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला म्हणून ओशाळलेली, ती एकटी बोलली.

"एक डाव पुन्हा घ्या ना भाऊ. आता नाई खोकलत मी."

पडदा पांढरा झाला. चंद्रभाननं यंत्र बंद केलं. पार्वताबाईनं माझं मनगट सोडलं नव्हतं.

"चंद्रभान दादा," ती म्हणाली, "अजून एक डाव लावता काय?"

त्यानं पुन्हा लावलं. या वेळी ती पडद्याकडे पाहत नव्हती. पदर डोक्यावर नीट घेऊन, खाली मान घालून ती ऐकत होती, या बापूपासून आता नाई खोकलत मीपर्यंत. एका शब्दाला ती हलली नाही. खुशालराव केव्हा उठून यंत्राच्या खोलीकडे गेले ते मला कळलंही नाही. यंत्र थांबल्यावर ती बाकावरून वळली.

"तीन दिवसाचा ताप होता ना, बापू?"

देवीदास दाराला टेकला होता तो तसाच खाली बसला.

"पोळ्यापासून होतं," तो म्हणाला.

"रगत पडे काय?"

"दिवाळीपासून."

म्हणजे पोळ्यापासून शिमग्यापर्यंत. आणि आम्ही गावात सांगत फिरलो, तापानं नेलं, कोणाचा इलाज नव्हता. मी उठले होते. काय करणार होते कोण जाणे, पण पार्वताबाईनं मला खाली बसवलं.

"दिवाळीले तिचा बाप न्यायले आला होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुमी म्हनलं सिनेमाचं काम हाये, आता नाई पाठवत. एकटा वापस आला तो. ती त्याच्या पुढीसुद्धा आली नाई."

"बाबा म्हने, माहेरी गेली तं गावभर होईन," देवीदास म्हणाला. त्याला आता लपवायचंही बळ उरलं नव्हतं. "मंग आमच्या मळ्यातली भाजी कोन घेईन, खेळाले कोन जवळ बसंन. म्हने, सिनेमा होऊ द्या, मंग अमरावतीले मोठ्या दवाखान्यात नेऊ. मले वाटलं, होईन बरी." मग त्यानं मान वर केली, बुडत्याला काडी दिसावी तशी. "अन् तिनंबी म्हटलं आई. तिनंच म्हटलं, मायले सांगू नका, माय घाबरून जाईन. देवाशपथ तिनंच म्हटलं."

पार्वताबाई उठली. त्याच्यापाशी गेली आणि जवळ खाली बसली, लेकराला समजवायला बसावं इतकी जवळ. मला वाटलं, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवते की काय.

"ते तं म्हनंनच ती," ती म्हणाली. "माही पोर होती. तुमी कावून आयकलं?"

चंद्रभाननं पोती काढली आणि दारं उघडली.